वॉटर पार्कचं चूलबंद आवतण

आमच्या वॉटर पार्कच्या फाटकावर 'हाउसफुल'ची पाटी कधी लागली नाही. पार्क भरत नव्हता असं नाही. नानांनी ती पाटी लावू दिली नव्हती. रंगारी एकदा बाकीच्या पाट्यांबरोबर तीही रंगवून घेऊन आला, तेव्हा नानांनी ती उलटी करून ऑफिसातल्या माठावर झाकण म्हणून ठेवली. "पाहुण्याला उन्हात उभं करून हे वाचायला द्यायचं?" ते म्हणाले. "त्यापेक्षा दारात कुत्रं बांधा."

नाना मालक होते. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हायवेच्या डाव्या हाताला, कापसाच्या शेतांमध्ये निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या दिसतात, ती त्यांची जागा. घसरगुंड्या गुजरातेतल्या एका बंद पडलेल्या पार्कातून ट्रकवर घालून आणलेल्या होत्या. त्यांच्यावर गुजरातीत लिहिलेल्या धोक्याच्या सूचना तशाच राहिल्या होत्या. त्या कुणी वाचत नसे, पण खरं सांगायचं तर मराठीतल्याही कुणी वाचत नसे.

पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी आणि काळी छत्री असा त्यांचा वेश होता. छत्री ते लाटांच्या तलावाच्या काठावरही उघडीच ठेवायचे. लोक म्हणायचे, पाण्यावर एवढा धंदा उभा केला, पण नानांना ओलं झालेलं कुणी पाहिलं नाही.

बी.कॉम. झाल्यावर मी तिथे लागले. नानांचे जावई जळगावला असायचे. त्यांनी मला ऑनलाइन बुकिंगसाठी घेतलं होतं. मी धुळ्याहून एसटीने यायचे. पहिल्या दिवशी नानांनी मला एकच प्रश्न विचारला, "कोनता गावना तुम्ही?"

"धुळे."

"धुळे हे स्टँड आहे. गाव कोणतं?"

मला माहीत नव्हतं. मी बाहेर जाऊन पप्पांना फोन केला. गावाचं नाव सांगितल्यावर नानांनी त्या गावातली माणसं एकामागून एक सांगायला सुरुवात केली आणि त्यातला एक माझा चुलत आजोबा निघाला. "मग ठीक आहे," नाना म्हणाले. जावयांनी मला नोकरी देऊन तोवर आठवडा झाला होता, पण ती खरी तेव्हा मिळाली असं तिथल्या सगळ्यांचं मत होतं.

हा प्रश्न ते आलेल्या प्रत्येक कुटुंबाला विचारायचे. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून "कोनता गावना?" आणि मग "या, बठ्ठा या," म्हणजे सगळेच या. पाचोऱ्याचे असतील तर पाचोऱ्याच्या कापसाचा भाव, चाळीसगावचे असतील तर तिथल्या कुणा मास्तरांची तब्येत. त्यामुळे रविवारी फाटकाबाहेरची रांग हायवेपर्यंत जायची. लोक कंटाळायचे, पण चिडायचे नाहीत, कारण पुढे गेलं की आपलंही गाव विचारलं जाणार हे त्यांना दिसत असायचं.

मी फारसं बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी प्रमाण मराठी, आणि नाना बोलायचे ती अहिराणी मला समजायची पण तोंडातून निघायची नाही. म्हणून असेल, पण नानांनी महिन्याभरात माईक माझ्या हातात दिला. "कमी बोलणाऱ्याचं लोक ऐकतात," ते म्हणाले. माईकवर 'ग्राहक' म्हणायचं नाही, 'पाहुणे' म्हणायचं. 'जागा नाही' हे तर मुळीच म्हणायचं नाही. लॉकर भरले, रांग अडली, तलावात उभं राहायला जागा उरली नाही, तरी माझं वाक्य एकच: "सर्व पाहुण्यांना विनंती आहे, कृपया जरा सरकून घ्या." पाहुणे खरोखर सरकायचे. कुठे सरकायचे ते मला अजून कळलेलं नाही.

नाना तरुणपणी गावात लग्नांच्या पंगती सांभाळायचे. किती माणसं बसली, किती ताटकळत आहेत, बट्ट्यांची दुसरी कढई कधी टाकायची, हे त्यांना मांडवाच्या कोपऱ्यातून कळायचं म्हणे. पार्कही त्यांनी त्याच हिशोबाने काढला होता. चूक कुठे झाली हे त्यांनी स्वतःच मला एकदा सांगितलं. "पंगतीत पोट भरलं की माणूस उठतो. दुसऱ्याला जागा होते. पाण्यात पोट भरतच नाही. सकाळी बसलेला संध्याकाळी उठतो."

त्यात घरचे डबे आत आणायला परवानगी होती. इतर पार्कांत नसते. नानांना डबा फाटकावर काढून घेणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडातला घास काढणं वाटायचं. त्यामुळे जेवायलाही कुणी बाहेर जात नसे. कळण्याच्या भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा घेऊन आलेली माणसं सूर्य कलेपर्यंत आतच.

लोक मात्र सगळे रविवारीच यायचे. सोमवारी लाटांच्या तलावात बगळे उतरायचे. नाना काठावर उभे राहून म्हणायचे, "पाणी कालचंच आहे. कालच्या माणसांना आज काय झालं?" यावर त्यांनी उपाय काढला. खेड्यातला माणूस घरातून निघतो तो बाजाराच्या दिवशी. मग ज्या गावाचा बाजार ज्या वारी, त्या गावाला त्या वारी अर्धं तिकीट. योजना चालली. लोक बाजार करून यायचे. लॉकर मेथीच्या जुड्यांनी, वांग्यांनी आणि एकदा दोन कोंबड्यांनी भरले. कपडे ठेवायला जागा उरली नाही. मी माईकवर सरकून घ्यायची विनंती केली. कोंबड्या सोडून सगळ्यांनी ती ऐकली.

जावयांचे उपाय वेगळे होते. त्यांनी मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत पाटी लावली, 'येथून अर्धा तास'. खरं तर वीस मिनिटं लागायची. अर्धा तास सांगून वीस मिनिटांत नंबर लागला की माणूस खूश होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. नानांना ते खोटं वाटलं. त्यांनी पाटीवर रंग मारून लिहून घेतलं, 'येथून जरा वेळ'.

मग जावयांनी एक्सप्रेस रांग काढली. जास्त पैसे भरले की हातात लाल पट्टी आणि रांगेशिवाय आत. मला वाटलं नाना हे मोडून काढतील. पण ते म्हणाले, "पंगतीत जावयाला आधी वाढतातच. लोकांना चालतं." फक्त लाल पट्ट्या त्यांनी स्वतःकडे ठेवल्या आणि म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना, लांबून आलेल्यांना आणि ज्यांच्या गावात आपलं कुणी आहे अशांना फुकट वाटल्या. नानांचं कुणी नाही असं गाव पूर्ण खान्देशात नव्हतं. पंधरा दिवसांत एक्सप्रेस रांग साध्या रांगेच्या दुप्पट झाली. समजदार लोक पट्टी खिशात घालून साध्या रांगेत उभे राहायला लागले.

नानांचा एकच उपाय कायम लागू पडायचा, तो म्हणजे भोंगा. लाटा सुरू होण्याआधी भोंगा वाजायचा आणि तो ऐकून लोक घसरगुंड्यांच्या रांगा सोडून तलावाकडे धावायचे. रांग फार वाढली की नाना मला खूण करायचे, मी बटण दाबायचे, रांग मोकळी. भिकनभाऊंना हे आवडायचं नाही. ते तलावावरचे मुख्य जीवरक्षक. उंच खुर्चीवर शिट्टी तोंडात धरून बसायचे आणि तापीकाठचे असल्यामुळे उथळ पाण्याला जास्त भ्यायचे. "खोल पाण्याला माणूस घाबरतो, म्हणून वाचतो," असं ते मला एकदा म्हणाले होते.

शेवटी जावयांनी फाटकावर मोबाइलचा कोड दाखवून आत जायची सोय केली. यंत्र 'टुंग' म्हणायचं, दांडा फिरायचा, माणूस आत. नानांना खुर्ची बाजूला घ्यावी लागली. गाव विचारायला वेळच उरेना. बाहेरची रांग एका रविवारात संपली आणि जावयांनी जळगावला पेढे वाटले. ती रांग संपलेली नव्हती. ती आत गेली होती. इतके दिवस पार्कात माणसं बेतानं शिरत होती ती नानांच्या चौकशांमुळे, हे त्या दिवशी तलावाकडे पाहिल्यावर मला कळलं. भिकनभाऊंना बहुधा आधीच माहीत होतं.

आता व्याह्यांविषयी सांगायला हवं. म्हणजे जावयांचे वडील. ते पाचोऱ्याकडचे मोठे शेतकरी, मानाला फार जपणारे. लग्नात वऱ्हाड वेशीवर आलं तेव्हा नाना दुसऱ्या पाहुण्यांना पंगतीत बसवत होते आणि सामोरं जायला उशीर झाला. व्याही मांडवात आलेच नाहीत. अक्षता पडेपर्यंत गाडीत बसून राहिले. पुढे त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त आखाजीला सुनेला माहेरी पाठवणं बंद केलं. आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. नानांच्या दारात कितीतरी वर्षं झोका बांधला गेला नव्हता. जावई याविषयी काही बोलत नसत. वडिलांपुढे त्यांचंही काही चालायचं नाही.

त्या वर्षी मात्र व्याह्यांनी सुनेला आणि दोन्ही नातवांना पाठवलं. वर निरोप दिला की आखाजीच्या दिवशी आम्ही भावांसकट पार्क बघायला येतो. नानांनी तलावाच्या काठाशी पांढऱ्या खोळीच्या खुर्च्या मांडून घेतल्या आणि त्यांवर कुणी ओल्या कपड्यांनी बसू नये म्हणून एक माणूस उभा केला. आदल्या दिवसापासून.

त्याच आनंदात त्यांनी आजूबाजूच्या गावांना चूलबंद आवतण दिलं. साधं आवतण असलं की घरटी एक माणूस जेवायला येतो. चूलबंद म्हणजे घरातले सगळे, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. पार्कमुळे या गावांच्या रस्त्यावर गाड्या वाढल्या होत्या, धूळ वाढली होती, आणि तिथलं कुणी आत आलेलं नव्हतं. "दारात पंगत चालू आणि शेजारी उपाशी, हे बरं दिसत नाही," नाना म्हणाले. जीपमधून कुंकू-अक्षता घेऊन ते घरोघर फिरले. दिवसभर पार्क फुकट, वर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. किती माणसं येतील असं जावयांनी विचारलं, तेव्हा नानांनी गावातल्या चुली मोजून आकडा सांगितला. पंगतीचा माणूस. त्यांचा अंदाज आजवर चुकला नव्हता.

पण आखाजीला प्रत्येक चुलीमागे त्या घरच्या लेकी आलेल्या असतात, आणि त्यांची पोरं. हे नानांच्या लक्षात आलं नाही. त्यांची स्वतःची लेक तेव्हा ओट्यावर बसून बट्ट्यांचं पीठ मळत होती.

आखाजीच्या दिवशी सकाळपासूनच ट्रॅक्टर यायला लागले. ट्रॉल्यांमध्ये बायका गाणी म्हणत होत्या. कोड दाखवणारे शहरातले लोकही होतेच, कारण सुट्टी होती. यंत्राचं 'टुंग' थांबत नव्हतं. दुपारी मोठ्या घसरगुंडीचा जिना वरपासून खालपर्यंत भरला. नानांनी मला खूण केली. मी भोंगा वाजवला. सगळे तलावाकडे धावले, आणि तलावात आधीच सगळे होते.

भिकनभाऊ खुर्चीवरून उतरून ऑफिसपर्यंत चालत आले. ते असं कधी करत नसत.

"नाना, पानीमा पानी दिखत नही," ते म्हणाले. "लाटा बंद केल्यात मी. एखादं लेकरू खाली गेलं तर वरून कळायचं नाही."

"पोरं लाव अजून काठावर."

"लावली. आते एकबी मानूस लेवानं नही. अजून एक आत आला तर मी खुर्ची सोडी देस."

नाना माझ्याकडे वळले. "सरकून घ्यायला सांग."

माईक माझ्या हातात होता. "कुठे, नाना?" मी विचारलं.

त्यांनी तलावाकडे पाहिलं. त्यांची लेक दोन्ही मुलांना घेऊन सकाळीच पाण्यात उतरली होती. धाकटा तिच्या कडेवर होता, मोठा बोट धरून. नाना छत्रीखालून एकेका डोक्यावर नजर फिरवत होते. मीही शोधत होते. डोकी सगळी सारखीच दिसत होती. खुर्च्यांची राखण करणारा माणूसही शोधायला लागला. तिघांनाही ती सापडली नाही.

नानांनी छत्री मिटली आणि ते फाटकाकडे चालायला लागले. मी मागून गेले. जाता जाता त्यांनी आचाऱ्यांना सांगितलं, भांडी उचला, बाहेर निंबाखाली न्या, पंगत तिथे बसवा. मग फाटकवाल्याला म्हणाले, "बंद कर." त्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. नानांनी फाटकाचा दांडा स्वतः ओढला आणि बाहेरच्या बाजूला उभे राहिले, म्हणजे फाटक लागलं तेव्हा तेही बाहेर होते.

"बोल," गजांतून ते मला म्हणाले.

"काय बोलू?"

"जागा नाही, म्हण. जेवायला बाहेर या, म्हण. जेवढे बाहेर येतील तेवढेच आत जातील."

मी बोलले. कर्ण्यांचा आवाज शेतांवरून परत आला, तेव्हा ते मीच बोलले यावर माझा विश्वास बसेना.  मग फाटकातल्या लहान दिंडीतून सगळ्यांत पहिली म्हातारी माणसं बाहेर यायला लागली, कारण बट्ट्यांचा वास आधी त्यांना गाठतो.

पहिली पंगत बसत होती आणि व्याह्यांच्या दोन गाड्या येऊन थांबल्या.

नाना पुढे गेले. या वेळी उशीर केला नाही. "राम राम व्याही. गाडी सावलीत घ्या."

व्याह्यांनी फाटकाकडे पाहिलं. "बंद?"

"बंद शे."

"आमच्यासाठी?"

"बठ्ठासाठी. जागा नही शे."

व्याही आपल्या भावांकडे वळले. भाऊ दुसरीकडे बघायला लागले. "ऐकलं ना," व्याही म्हणाले. "मन्ही सून आत, नातू आत, नि मी रस्त्यावर. पाहुणचार बरा शे." त्यांचा एक हात गाडीच्या दारावर होता. ते आता गाडीत बसले असते, तर पुढच्या आखाजीला काय झालं असतं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. फाटकवाल्यालासुद्धा. त्याने हळूच दांड्याला हात लावला. नानांनी मागे न बघता त्याचा हात बाजूला केला.

"तुमना नातू पानीमा शे," नाना म्हणाले. "म्हनीसन फाटक बंद शे."

व्याह्यांनी दारावरचा हात काढला. गजांजवळ येऊन त्यांनी आत बघितलं. तिथून तलावाचा एक कोपरा दिसतो. ते बराच वेळ बघत होते. मग नानांची प्लास्टिकची खुर्ची त्यांनी ओढली, फाटकाला पाठ लावून मांडली आणि तिच्यावर बसले. गाडीचं दार उघडंच राहिलं होतं. ते त्यांच्या भावाने लावलं.

तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला. पुढे बसलेला माणूस तावातावानं उतरला. नाना स्वतः आवतण द्यायला घरी आले होते, चूलबंद म्हणाले होते, घरात सकाळपासून चहाही केलेला नाही, असं सगळं तो सांगायला लागला. नानांचा चेहरा पडला. 

उत्तर खुर्चीतून आलं. "मी नवरदेवना बाप शे," व्याही म्हणाले. "माले सोडं नही. तू कोन?"

त्या माणसाने नानांकडे पाहिलं, व्याह्यांच्या फेट्याकडे पाहिलं, आणि ट्रॅक्टर निंबाकडे वळवला.

त्यानंतर नानांना कुणाला नाही म्हणावं लागलं नाही. जीप आली, मोटारसायकली आल्या, कोड दाखवणारी मंडळी आली. "आमचं बुकिंग आहे," एकजण मोबाइल पुढे करून म्हणाला. "मन्ही सून शे," व्याही म्हणाले, "तरी बाहेर शे मी." पुढे पुढे ते खुर्चीवरून उठून गाडीच्या काचेपर्यंत जायला लागले. लोक उतरायच्या आधीच त्यांना नवरदेवाचा बाप कोण ते कळायचं. एका घरच्या लोकांनी तर आत जायचं सोडून लग्न कधी झालं ते विचारलं आणि त्यांना ते सविस्तर सांगण्यात आलं. त्यात गाडीत बसून राहिल्याचा भाग नव्हता.

आत माणसं कमी होत गेली. लोक उठायचे, जेवायचे, काही घरी परतायचे, काही निंबाखालीच आडवे व्हायचे. बायकांनी त्याच निंबाला झोका बांधला. भिकनभाऊंनी एकदा खुर्चीवरून हात वर केला, म्हणजे पाणी दिसतंय. नाना दिवसभर पंगतीत वाकून वाढत होते. टोपी कुठेतरी पडली होती. व्याह्यांनी प्रत्येक पंगतीला 'नंतर' म्हटलं आणि शेवटच्या पंगतीला, यजमान बसतात त्या, नानांच्या शेजारी बसले.  नानांनी त्यांच्या बट्टीवर तूप ओतलं आणि व्याह्यांनी 'पुरे' म्हटलं नाही.

पुढे मी नाशिकला नोकरी धरली. तिथे माझ्या टेबलावर फोन आहे, पण माईक नाही. नानांच्या पार्कात आता माणसांची मर्यादा ठरवलेली आहे असं ऐकते. ती कुणी ठरवली, नानांनी की व्याह्यांनी, यावर दोन मतं आहेत.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर फाटक उघडलं. नानांची लेक मुलांना घेऊन बाहेर आली. तिघांचेही डोळे लाल, बोटं सुरकुतलेली. दारात खुर्चीवर सासरे बसलेले बघून तिने ओला पदर डोक्यावर घेतला आणि आधी वडिलांकडे पाहिलं. नाना हातातलं वरणाचं भांडं तसंच धरून उभे होते.

"आबा, तुम्ही कधी आलात?" तिने सासऱ्यांना विचारलं. "आत का नाही आलात?"

"जागा नही व्हती," व्याही म्हणाले, आणि खांद्यावरचा टॉवेल काढून मोठ्या नातवाचं डोकं खसाखसा पुसायला लागले.